सुखाला जागा लागते

कोरोनाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडते: त्या काळाने आपल्याला छोट्या छोट्या गोष्टींतला आनंद शिकवला. लग्नाच्या पंगतीत, नातेवाइकांच्या फोनवर, दिवाळी अंकांतल्या लेखांत हे इतक्यांदा म्हटले गेले आहे की त्यावर शंका घ्यावी असे आता कोणाला वाटत नाही. बोलणाऱ्याची भावना खरी असते. बडोद्याच्या सयाजीगंजात राहून मीही त्या महिन्यांत असा आनंद घेतला आहे. तरीही हे वाक्य मला अपुरे वाटते आणि त्या अपुरेपणात धोका आहे असेही वाटते. टाळेबंदीतली सुखे आपण केवळ मनाच्या जोरावर मिळवली, असा त्यातून अर्थ निघतो. प्रत्यक्षात ज्यांच्याकडे जागा होती, ज्यांची मिळकत चालू होती आणि ज्यांच्यासाठी दुसरे कोणीतरी राबत होते, त्यांच्याच वाट्याला ती आली. छोटे सुख हे सार्वजनिक व्यवस्थेच्या आधारावर उभे असते. तो आधार नसेल तर समाधानी राहण्याचा उपदेश करण्याचा आपल्याला अधिकार उरत नाही.

सयाजीगंज हा बडोद्याचा अखंड वर्दळीचा भाग. एकीकडे रेल्वे स्टेशन, शेजारी महाराजा सयाजीराव विद्यापीठाची घुमटवाली इमारत, पुढे काळा घोडा, कमाटीबाग आणि बागेतून वाहणारी विश्वामित्री. स्टेशनमुळे लॉज आणि खानावळी, विद्यापीठामुळे झेरॉक्सची दुकाने आणि चहाच्या लाऱ्या. मुंबईहून अहमदाबादकडे आणि दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्या इथेच थांबतात, त्यामुळे मध्यरात्रीही या रस्त्यांवर रिक्षा उभ्या असत. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला, त्याच सुमारास प्रवासी गाड्या थांबल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. स्टेशनवरच्या तीन भाषांतल्या घोषणा बंद पडल्या. वसतिगृहे रिकामी झाली. कमाटीबागेच्या फाटकाला कुलूप लागले.

त्या शांततेत काही गोष्टी पहिल्यांदाच नीट ऐकू आल्या आणि दिसल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. मालगाड्या चालू होत्या. रात्री उशिरा एखादी लांबलचक मालगाडी जाऊ लागली की अंथरुणात पडल्या पडल्या तिचा शेवटचा डबा जाईपर्यंतचा खडखडाट ऐकू येई. कुठेतरी धान्य पोहोचते आहे, कुठेतरी कोळसा पोहोचतो आहे, देश अगदीच थांबलेला नाही, असा धीर त्या आवाजाने येई. सकाळी दाराशी आलेली दुधाची पिशवी साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून, दूध तापत ठेवायचे आणि साय धरेपर्यंत तिथेच उभे राहायचे. एरवी दूध उतू जाईल एवढ्याच धास्तीने त्या पातेल्याकडे पाहिलेले. विद्यापीठाच्या आवारातून मोराची केका भर दुपारी ऐकू येई. एप्रिलच्या उन्हात मुले संक्रांतीचे उरलेले पतंग काढून गच्चीवर उभी राहत. समोरच्या इमारतीतल्या ज्या माणसाशी वर्षानुवर्षे नुसती नजरानजर होती, तो संध्याकाळी गच्चीवरून हात उंचावून घरच्या सगळ्यांची चौकशी करू लागला. सकाळ-रात्री नऊला दूरदर्शनवर रामायण लागे. तिकडे पुण्यात मावशी आणि इकडे आपण एकाच वेळी ते पाहत आहोत, एवढ्यावरही बरे वाटे.

ही सुखे खोटी नव्हती. तेव्हाच ती का मिळाली, याची तीन कारणे मला दिसतात. पहिले म्हणजे वेळ हाताशी होता आणि तो कोणी मागत नव्हते. दुसरे म्हणजे सगळे जण एकाच अडचणीत होते, त्यामुळे मागे पडण्याची भीती काही दिवस तरी थांबली होती. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. भीती दाराबाहेर होती आणि दाराच्या आत पोटापाण्याची सोय होती. या तिन्हींपैकी एकही गोष्ट मनाच्या मशागतीतून आलेली नव्हती. वेळ, बरोबरी आणि सुरक्षितता या बाहेरून मिळालेल्या गोष्टी होत्या, आणि सगळ्यांना त्या मिळाल्या नव्हत्या.

याच सयाजीगंजातल्या लॉजमध्ये काम करणारी मुले, खानावळीतले आचारी, स्टेशनवरचे हमाल, रात्रपाळीचे रिक्षावाले यांच्या वाट्याला ती शांतता आली तेव्हा तिचा अर्थ उपासमार असा होता. मे महिन्यात बडोद्याहूनही श्रमिक गाड्या सुटल्या. ज्या स्टेशनची शांतता मला गोड वाटली होती, तिथेच माणसे गाठोडी घेऊन ओळीत उभी होती. जनगणनेचा २०११ चा आकडा सांगतो की देशातली सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहतात. एका खोलीत पाच-सहा माणसे दिवसचे दिवस कोंडलेली असतील तर त्यांना मोराची केका ऐकू येत नाही असे नव्हे, पण तिच्याकडे कान द्यायला लागणारी उसंत त्या खोलीत नसते. गच्ची, गॅलरी, खिडकीबाहेरचे झाड या वास्तूच्या गोष्टी आहेत, स्वभावाच्या नव्हेत.

घरातल्या घरातही सुखाची वाटणी सारखी नव्हती. शेव-उसळ हा बडोद्याचा लाडका पदार्थ. उसळ आपली, शेव गुजराती, आणि दोन्हींच्या संगतीने हे शहर वाढले आहे. लारीवर उभे राहून पाच मिनिटांत खाऊन होणारी ही प्लेट टाळेबंदीत घरोघरी झाली. त्यासाठी आदल्या रात्री पांढरे वाटाणे भिजत घालायचे, सकाळी कुकर लावायचा, कांदा-खोबऱ्याचे वाटण परतायचे, तर्री वेगळी काढायची, लसणाची चटणी करायची, शेव तळायची आणि नंतर तेलकट भांड्यांचा ढीग घासायचा. कामाला येणाऱ्या बायांना सोसायट्यांनी बंदी केलेली. जेवणाऱ्यांच्या आठवणीत ती शेव-उसळ टाळेबंदीतले छोटे सुख म्हणून राहिली आहे. जिने ती केली तिच्या आठवणीत काय राहिले, हे फारसे कोणी विचारलेले नाही.

टाळेबंदीपूर्वीच्या वर्षात, म्हणजे २०१९ मध्ये, केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटे, असे त्या पाहणीत आढळले. तेही चार पुरुषांतला एखादाच घरकामाला हात लावतो. शाळा, ऑफिसे, लाऱ्या, खानावळी बंद झाल्यावर या २९९ मिनिटांचे काय झाले असेल, याचा अंदाज करायला वेगळ्या पाहणीची गरज नाही. आणखी एक गोष्ट तिच्या हातून गेली. नवरा कामावर आणि मुले शाळेत गेल्यावर दुपारी मिळणारे दोन तास हे असंख्य गृहिणींचे एकमेव स्वतःचे सुख होते. चहाचा दुसरा कप, वर्तमानपत्राचे आतले पान, शेजारणीशी दारातल्या गप्पा. घर भरले आणि ते दोन तास नाहीसे झाले. कुटुंबाला मिळालेला सहवास तिच्या एकांताच्या मोबदल्यात मिळाला होता.

बंधनातही माणूस फुलू शकतो, याची मोठी उदाहरणे आपल्याकडे आहेत, आणि त्या दिवसांत ती वारंवार दिली गेली. विनोबांचे शिक्षण बडोद्यात झाले. १९१६ मध्ये परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा विद्यार्थी सुरतेला गाडीतून उतरला आणि काशीला निघून गेला. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्याच साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिले. ही उदाहरणे थोर आहेत, पण आपल्या युक्तिवादाला ती वाटतात तितकी उपयोगी नाहीत. ही माणसे आपल्या इच्छेने तुरुंगात गेली होती. आपण का बंद आहोत हे त्यांना ठाऊक होते आणि त्या कारणावर त्यांची श्रद्धा होती. धुळ्याला ऐकणारे सोबती होते, लिहून घेणारा एक असामान्य लेखक होता. उद्देश आणि संगत दोन्ही असल्यावर भिंतींचे ओझे हलके होते. वसतिगृहाच्या खोलीत एकट्या अडकलेल्या परप्रांतीय विद्यार्थ्याला किंवा भाडे थकलेल्या रिक्षावाल्याला यांतले काय मिळाले होते? त्यांच्यापुढे विनोबांचे नाव घेणे हे विनोबांवरही अन्याय करणारे आहे.

मग छोट्या सुखांची काळजी घ्यायची कोणी? या प्रश्नाचे उत्तर सयाजीगंजात पावलोपावली उभे आहे. कमाटीबाग १८७९ सालची. शंभर एकरांहून मोठी जागा, जुनी झाडे, नदीचा काठ, १८९४ पासून लोकांसाठी खुले असलेले संग्रहालय. संस्थानाच्या मुख्य शहरात, नदीकाठच्या मोक्याच्या जागेवर राजाला आणखी एक वाडा बांधता आला असता. तिथे लोकांना फिरायला बाग झाली. सयाजीराव महाराजांच्या राज्यात हा विचार बागेपुरता राहिला नाही. अमेरिकेतली ग्रंथालये पाहून आल्यावर त्यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणले. त्यातून गावोगावच्या ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले आणि पुस्तकांनी भरलेल्या पेट्या खेड्यांत फिरू लागल्या. संध्याकाळी हातात पुस्तक असणे हे किती लहान सुख! पण ते खेड्यातल्या माणसाला मिळावे म्हणून कोणाला तरी पेट्या भराव्या लागल्या, यादी करावी लागली, खर्चाची तरतूद करावी लागली. लहान सुखासाठीही राज्यकारभार लागतो, हे त्या काळी बडोद्याला कळले होते.

एकोणिसाव्या शतकात जगभर सार्वजनिक बागा झाल्या त्यामागे आरोग्याचा विचार ठळक होता. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क आखणारा फ्रेडरिक ओल्मस्टेड अमेरिकेच्या यादवी युद्धात सैन्याच्या आरोग्यासाठी स्थापन झालेल्या आयोगाचा कार्यवाह होता. दाटीच्या शहरात माणसाला मोकळा श्वास घेता यावा म्हणून बागा झाल्या. आपल्या आजी-पणजींच्या तोंडून प्लेगच्या गोष्टी ऐकलेल्यांना आणखी एक गोष्ट आठवेल. १८९६ नंतरच्या त्या वर्षांत गावेच्या गावे उठून माळावर झोपड्यांत राहायला जात. उंदीर-पिसवांचा तो रोग घरात होता म्हणून माणसे घर सोडत. तो अनुभव सुखाचा नव्हता. पुण्यात तपासणीच्या नावाखाली झालेली सक्ती आणि १८९७ मध्ये रुग्णसेवा करताना प्लेगनेच गेलेल्या सावित्रीबाई आपण विसरू शकत नाही. तरीही संकटात मोकळी जागा हा आसरा असतो, ही जाण त्या पिढीच्या अंगवळणी होती. आपल्या साथीत माणसे घरात आणि बागा कुलपात, असे झाले.

इथे प्रशासनाची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. मार्च २०२० मध्ये हा विषाणू कसा पसरतो हे कोणालाच पुरते ठाऊक नव्हते. बाग उघडी ठेवली असती तर गर्दी झाली असती, आणि प्रत्येक झाडाखाली पोलीस उभा करणे शक्य नव्हते. त्या पहिल्या आठवड्यांच्या निर्णयांना मी दोष देत नाही. पण जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी खुले पत्र लिहून हवेतून होणाऱ्या संसर्गाकडे लक्ष वेधले. बंद, कोंदट खोलीपेक्षा उघड्यावर धोका पुष्कळ कमी, हे त्यानंतर दिवसेंदिवस स्पष्ट होत गेले. ब्रिटनने टाळेबंदीच्या पहिल्या दिवसापासूनच दिवसातून एकदा व्यायामासाठी बाहेर पडण्याची मुभा ठेवली होती. स्पेनने मुलांना सुमारे सहा आठवडे घराबाहेर पाऊल टाकू दिले नाही आणि मुलांच्या मनावर होणाऱ्या परिणामाची चर्चा वाढल्यावर २६ एप्रिलला ती बंदी सैल केली. आपल्याकडे असा प्रश्न फारसा विचारलाच गेला नाही. बागेत चालणे ही चैन आहे, ती सगळ्यांत आधी बंद करायची आणि तिच्याबद्दल तक्रार करणारा माणूस बेजबाबदार, हे आपण गृहीत धरले. मधुमेहाच्या रुग्णाला डॉक्टर रोज चालायला सांगतात आणि दोन खोल्यांच्या घरातली म्हातारी माणसे बाकावरच्या तासाभराच्या गप्पांसाठी दिवस काढतात. त्यांच्या दृष्टीने ते फाटक औषधाच्या दुकानाइतकेच निकडीचे होते.

आपण कशाला निकड मानतो हे पुढच्या महिन्यांत आणखी उघड झाले. ८ जून २०२० पासून मॉल आणि हॉटेले उघडू लागली. त्या वर्षीच्या नवरात्रात गुजरातेत गरबा झाला नाही, आणि तो निर्णय योग्यच होता. २१ नोव्हेंबरपासून बडोद्यात रात्रीची संचारबंदी लागली आणि पुढे कित्येक महिने तिच्या वेळा बदलत राहिल्या. १४ जानेवारी २०२१ च्या उत्तरायणाला गच्चीवर फक्त घरची माणसे, लाउडस्पीकर नाही, असे नियम आले. लोकांनी ते बऱ्यापैकी पाळले. ज्याने त्याने आपल्या गच्चीवरून पतंग उडवला, पण पेच मात्र लांबच्या अनोळखी माणसाशी लागला आणि ‘काप्यो छे’ची आरोळी चार गच्च्यांपलीकडे पोहोचली. अंतर राखून संगत कशी साधता येते, हे त्या दिवशी या शहराने दाखवून दिले. पुढच्याच महिन्यात महापालिकेची निवडणूक झाली, प्रचार झाला. सामान्य माणसाची करमणूक आधी थांबवायची आणि शेवटी सुरू करायची, असा क्रम ज्या समाजात विचार न करता लागतो, त्या समाजाने छोट्या सुखांचे गोडवे गाण्यापूर्वी या क्रमाकडे पाहिले पाहिजे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. काळ्या घोड्यापासून थोड्याच अंतरावरचे सयाजी हॉस्पिटल भरून गेले. ऑक्सिजनसाठी, खाटेसाठी माणसे रात्ररात्र फिरली. रुग्णवाहिकेच्या आवाजाने पहाटेची झोप मोडू लागली आणि फोन वाजला की छातीत धस्स होई. ज्यांनी त्या दिवसांत आपले माणूस गमावले, त्यांच्यासमोर महामारीने काही शिकवले असे म्हणणे क्रूर आहे. मरण हे जिवंत राहिलेल्यांच्या बोधासाठी नसते. पण छोट्या सुखाची खरी योग्यता मला त्याच दिवसांत पटली. हॉस्पिटलबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना कोणी गरम चहा आणून देई, कोणी थेपल्यांची पाकिटे वाटे, कोणी चार्जिंगसाठी वायर देई. त्या चहाने कोणाचे दुःख कमी झाले नसेल. पण घोटभर गरम चहा घशाखाली उतरेपर्यंतची दोन मिनिटे माणूस पुन्हा उभा राही आणि पुढच्या खिडकीकडे चालू लागे. हे सुख त्याला कोणीतरी आणून दिले होते. त्याने एकट्याने ते मनातून काढलेले नव्हते.

म्हणून महामारीच्या आठवणींतून आपण घ्यायचा धडा बदलला पाहिजे. थोडक्यात समाधान मानावे, ही शिकवण आपल्या परंपरेत आहे आणि व्यक्तीने स्वतःसाठी ती घेतली तर ती मोलाचीच आहे. पण नगरपालिका, सरकार, बिल्डर आणि सुखवस्तू शेजारी यांच्या तोंडी ती शोभत नाही. दुसऱ्याने थोडक्यात समाधान मानावे असे म्हणणे म्हणजे त्याला थोडेच देण्याची मोकळीक स्वतःला घेणे.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला फार पैसेही लागत नाहीत. साथीच्या काळासाठी महापालिकांनी जी नियमावली ठेवली असेल, तिच्यात बागा आणि मैदाने शक्य तितकी उघडी ठेवण्याची तरतूद हवी. सकाळी वृद्ध, दुपारनंतर मुले, संध्याकाळी बाकीचे, अशा पाळ्या लावता येतात. गृहनिर्माणाच्या योजनांत प्रत्येक घराला उघडणारी खिडकी आणि बसता येईल एवढी गॅलरी, प्रत्येक इमारतीला सर्वांसाठी खुली गच्ची हवी. लारीवाल्यांना हक्काची जागा हवी. त्यासाठी २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा आहे. जून २०२० मध्ये त्यांच्यासाठी दहा हजार रुपयांच्या खेळत्या भांडवलाची कर्जयोजना सुरू करताना सरकारनेही त्यांची गरज मान्य केली आहे. आणि घरात, ज्या बाईने टाळेबंदीत सगळ्यांची जिभेची हौस पुरवली तिचे दुपारचे दोन तास तिला परत मिळाले का, हे प्रत्येकाने आज जेवायला बसण्यापूर्वी विचारावे.

कमाटीबाग आता रोज उघडते. सकाळी फिरायला येणाऱ्यांत महामारीच्या आठवणी सांगणारे अजून पुष्कळ भेटतात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. आपण चालतो ती वाट कोणीतरी आपल्यासाठी राखून ठेवली म्हणून आपल्याला मिळाली. तशी वाट, तसे झाड, तसा बाक ज्यांच्या वस्तीत नाही त्यांच्यासाठी आपल्या नगरसेवकाकडे मागणी करा, आणि पुढच्या साथीत बागेला कुलूप लावण्याचा आदेश निघालाच तर कारण विचारा.